शाखेला तारा किती द्यायच्या?

एखाद्या कचेरीचे मुख्यालय मोठ्या शहरात आहे आणि तिची एक शाखा दूरच्या गावी. शाखेतल्या मंडळींना मुख्यालयाशी दिवसभर काही ना काही बोलावे लागते. या दोन ठिकाणांमध्ये टेलिफोनच्या लाईन किती असाव्यात? प्रश्न असा मांडला की तो हिशेबनिसाने सोडवायचा आहे असे वाटते. किती बोलणे होते ते मोजा, एका लाईनवर किती मावते ते पाहा, भागाकार करा, संपले. परंतु टेलिफोनच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळत नव्हते. जेव्हा ते मिळाले तेव्हा ते देणारा माणूस होता शाळेत सात वर्षे शिकवून टेलिफोन कंपनीत रुजू झालेला एक गणिताचा पदवीधर. त्याच्या उत्तरातून गणिताची एक नवी शाखाच उभी राहिली. ही हकीकत आम्हांला शिक्षक वाचकांना सांगावीशी वाटते ती एवढ्यासाठी, की हे उत्तर नववी-दहावीच्या मुलांना अपूर्णांकांच्या बळावर समजू शकते, आणि ते पहिल्यांदा ऐकताना अजिबात पटत नाही.

सुरुवात बोस्टनपासून करू. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले मार्च १८७६ मध्ये. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये चार्ल्स विल्यम्स यांनी बोस्टनमधले आपले दुकान आणि सुमारे पाच किलोमीटरवरच्या सॉमरव्हिल या गावातले आपले घर यांच्यामध्ये टेलिफोनची तार टाकून घेतली. बेल यांची उपकरणे तयार होत ती याच विल्यम्स यांच्या दुकानात, त्यामुळे पहिला मान त्यांचा हे ओघानेच आले. कायमची म्हणावी अशी ही पहिली टेलिफोन लाईन, आणि ती होती कामाची जागा व दुसरे एक ठिकाण जोडणारी. त्या काळी टेलिफोन जोडीनेच भाड्याने मिळत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे कोणी नाही, क्रमांक नाही, ऑपरेटर नाही.

दोनच ठिकाणे असतील तर हे ठीक चालते. तीन ठिकाणांना तीन तारा लागतात, दहा ठिकाणांना पंचेचाळीस आणि शंभर ठिकाणांना चार हजार नऊशे पन्नास. वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केले तर एकूण किती, हेच ते गणित. यातून सुटका एकच: सगळ्या तारा एका जागी आणायच्या आणि तिथे हव्या त्या दोन तारा तात्पुरत्या जोडायच्या. असे पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र अमेरिकेतल्या न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी जॉर्ज कॉय यांनी सुरू केले. ग्राहक एकवीस, त्यांच्यासाठी लाईन आठ. म्हणजे एकेका लाईनवर दोघे-तिघे होते. जोडणीचा फळा बग्गीचे बोल्ट आणि किटलीच्या झाकणांच्या मुठी वापरून घरगुती पद्धतीने बनवलेला होता, आणि त्यावर एका वेळी दोनच संभाषणे होऊ शकत.

त्या फळ्याचे कौतुक करताना या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. एकवीस ग्राहक, संभाषणे दोन. सगळे जण एकदम बोलणार नाहीत या भरवशावर टेलिफोन केंद्र अगदी पहिल्या दिवसापासून उभे आहे. भरवसा किती ठेवायचा, हे मात्र कॉय यांनी अंदाजानेच ठरवले असणार.

आपल्याकडे १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली. याच सुमारास मोठ्या पेढ्या आणि कारखाने यांच्या लक्षात येऊ लागले की आपल्याच इमारतीतल्या दोन खोल्यांना बोलण्यासाठी गावाच्या केंद्रापर्यंत तार नेऊन परत आणणे हा उपद्व्याप आहे. त्यांनी इमारतीतच लहानसा फळा बसवला. आतले बोलणे आतल्या आत, आणि बाहेर बोलायचे असेल तर गावाच्या केंद्राकडे जाणाऱ्या मोजक्या लाईनींपैकी एक घ्यायची. यालाच पुढे पीबीएक्स असे नाव पडले. त्यातला 'ब्रँच' हा शब्द पुष्कळांना फसवतो. तो कचेरीच्या शाखेसाठी नाही. सार्वजनिक केंद्राला फुटलेली खाजगी फांदी, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या कचेऱ्यांमध्ये पुढे जी ईपीएबीएक्सची पेटी आली आणि शून्य किंवा नऊ दाबून 'बाहेरची लाईन घ्या' म्हणण्याची पद्धत रूढ झाली, ती याच फळ्याची वंशज.

मुख्यालयात एक फळा, शाखेत एक फळा, आणि दोघांमध्ये थेट लाईनींचा एक जुडगा. आता लाईन किती, हा प्रश्न पैशाचा का होता ते एका आकड्यावरून कळेल. न्यूयॉर्क ते शिकागो ही लाईन १८९२ मध्ये सुरू झाली. अंतर सुमारे पंधराशे किलोमीटर. आवाज इतक्या लांब विरून न जाता पोहोचावा म्हणून तांब्याची तार चांगली जाड घ्यावी लागली; दर किलोमीटरला तिचे वजन १२० किलोग्रॅमहून अधिक होते. जाण्याची व येण्याची मिळून दोन तारांचे वजन होते साडेतीनशे टनांहून जास्त. आणि एवढ्या तांब्यावरून एका वेळी एकच संभाषण! पाच मिनिटांना नऊ डॉलर हा दर ऐकून आज नवल वाटते, पण तांब्याचा भाव मनात धरला की ते कमी होते. अशी एक लाईन जास्त टाकली तर भांडवल मातीत, कमी टाकली तर ग्राहक ताटकळत. दोन्हींकडून मार.

आता कोपनहेगनला जाऊ. तिथल्या टेलिफोन कंपनीचे संचालक योहान्सेन हे स्वतः या प्रश्नात लक्ष घालणारे गृहस्थ होते. ग्राहकाला किती वेळ थांबावे लागते याचा संभाव्यतेच्या अंगाने विचार करणारा एक लेख त्यांनी १९०७ मध्ये लिहिला. कंपनीचे मुख्य अभियंता होते योहान येन्सेन. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, पण 'येन्सेनची असमानता' म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत कायमचे राहिले आहे. कोपनहेगनच्या गणितप्रेमी मंडळींच्या बैठकींत त्यांची गाठ पडली ती आग्नर क्रारुप एर्लांग या तरुणाशी.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, म्हणजे न्यू हेवनच्या केंद्राहून ते सत्तावीस दिवसांनी मोठे. जन्मगाव जटलंडमधले लोनबोर्ग हे खेडे. वडील तिथल्या शाळेचे मास्तर. मुलाचे शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले; चौदाव्या वर्षी वयाची अट शिथिल करून त्याला परीक्षेला बसू दिले आणि तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. मग दोन वर्षे वडिलांच्या हाताखाली त्याच शाळेत उपशिक्षक. पुढे शिष्यवृत्तीवर कोपनहेगन विद्यापीठ, १९०१ मध्ये गणितातली पदवी, आणि त्यानंतर सात वर्षे शाळांमधून अध्यापन. १९०८ मध्ये येन्सेन आणि योहान्सेन यांनी त्यांना कंपनीत बोलावून घेतले. तिथे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले आणि १९२९ मध्ये कामावर असतानाच त्यांचे निधन झाले. नुसते कागदावरचे गणिती मात्र ते नव्हते. तारांमधून गळणारे विद्युतप्रवाह मोजण्यासाठी शिडी घेतलेला एक कामगार बरोबर घेऊन ते कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या भुयारांत उतरत. चार अंकी लॉगॅरिथमची कोष्टकेही त्यांनी करून छापली होती. मास्तरकी अंगात मुरलेली होती म्हणायची.

त्यांचे पहिले काम १९०९ चे. टेलिफोनचे कॉल कसे येतात? वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत, हे सर्वांना माहीत होते. एर्लांग यांनी दाखवले की ते प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे येतात. हा नियम तोवर फारसा कामाला लागला नव्हता. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे प्रशियाच्या घोडदळात दरवर्षी घोड्याची लाथ बसून किती शिपाई मेले याचा बोर्टकिविझ यांनी १८९८ मध्ये दिलेला तक्ता. घोड्याची लाथ आणि टेलिफोनची घंटा यांत साम्य काय? दोन्ही घटना पुष्कळ माणसांपैकी कोणाच्याही बाबतीत, एकमेकींना न विचारता घडतात. हिशेब खात्यातल्या कारकुनाला मुख्यालयाशी बोलायचे असते तेव्हा तो भांडारातल्या कारकुनाला विचारून फोन उचलत नाही. या 'न विचारता' मध्येच सगळी मेख आहे.

दुसरे आणि मोठे काम १९१७ चे. ते डॅनिश भाषेत छापले गेले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आले. त्यातला मुख्य विचार आपण एका लहान शाखेवर करून पाहू.

समजा, सर्वांत गर्दीच्या तासात शाखेकडून मुख्यालयाला सरासरी वीस कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटे चालतो. एकूण बोलणे साठ मिनिटे. तासात मिनिटेही साठच. हिशेबनीस म्हणेल, एक लाईन पुरे! वीस जणांनी रांग लावून एकापाठोपाठ एक बोलायचे ठरवले तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण माणसे येतात मनाला येईल तेव्हा. मग होते असे, की कधी लाईन सात मिनिटे मुकी पडून राहते आणि कधी एकाच मिनिटात तिघे फोन उचलतात.

एर्लांग यांनी विचारले: कोणत्याही क्षणी किती संभाषणे चालू असतात? शून्य, एक, दोन अशा अवस्था धरू. नवा कॉल आला की आपण एक पायरी वर जातो, एखादा संपला की एक पायरी खाली. दीर्घकाळ पाहिले तर शून्यावरून एकवर जाणे जितक्या वेळा होते तितक्याच वेळा एकवरून शून्यावर येणे झाले पाहिजे, नाही तर आकडा वाढतच जाईल. रसायनशास्त्रातल्या उभयदिश अभिक्रियेचा समतोल शिकवताना आपण हेच सांगतो. एर्लांग यांनीही याला 'सांख्यिकीय समतोल' असेच म्हटले आहे.

आता आकडे घालू. दर तीन मिनिटांना सरासरी एक नवा कॉल येतो. एक संभाषण चालू असेल तर तेही तीन मिनिटांत एक या गतीने संपते. चढण्याची आणि उतरण्याची गती सारखी, म्हणून 'शून्य' आणि 'एक' या अवस्थांत जाणारा वेळ सारखा. दोन संभाषणे चालू असतील तर उतरण्याची गती दुप्पट होते, म्हणून 'दोन' या अवस्थेत जाणारा वेळ 'एक'च्या निम्मा. तीनचा वेळ दोनच्या एक-तृतीयांश, चारचा तीनच्या एक-चतुर्थांश. शाखेला चार लाईन आहेत असे धरून हे प्रमाण पूर्णांकांत मांडले तर शून्य, एक, दोन, तीन, चार या अवस्थांना अनुक्रमे २४, २४, १२, ४ आणि १ असे वाटे येतात. बेरीज ६५. चारही लाईन गुंतलेल्या असण्याचा वाटा ६५ पैकी १. म्हणजे पासष्ट कॉलांपैकी सरासरी एकाला नकार मिळणार.

तीनच लाईन असतील तर वाटे ६, ६, ३, १, बेरीज १६, नकार सोळात एक. दोन लाईन असतील तर पाचात एक. एक लाईन असेल तर दोनांत एक. हिशेबनिसाची 'एक लाईन पुरे' ही व्यवस्था निम्म्या लोकांना परत पाठवते! पाच लाईन दिल्या तर नकार ३२६ कॉलांत एक. या संख्या २, ५, १६, ६५, ३२६ अशा आहेत. प्रत्येक संख्येला पुढच्या लाईनीच्या क्रमांकाने गुणून एक मिळवला की पुढची संख्या येते. फळ्यावर ही मालिका लिहून मुलांना नियम शोधायला सांगावा. हुशार मुलांना फार वेळ लागत नाही.

हे खरेच घडते का ते तपासण्याची सोय वर्गात सहज होते. १ ते ६० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात. एक चिठ्ठी काढून आकडा टिपून घ्यावा आणि ती परत डब्यात टाकावी. असे वीस वेळा करावे. हे वीस आकडे म्हणजे कॉल सुरू होण्याची मिनिटे. ते चढत्या क्रमाने लावून फळ्यावर तीन उभे रकाने आखावेत. प्रत्येक कॉल आपले मिनिट आणि पुढची दोन अशी तीन मिनिटे रकाना अडवतो. पहिला रकाना मोकळा असेल तर तो, नसेल तर दुसरा, मग तिसरा. एकही मोकळा नसेल तर त्या कॉलवर फुली. पाच-सहा गटांकडून वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढून घेऊन सरासरी काढली की तीन रकान्यांना वीसपैकी एखादी फुली, दोन रकान्यांना चारच्या आसपास आणि एका रकान्याला निम्म्याच्या जवळपास फुल्या येतात. एकाच गटाच्या निकालावर विसंबू नये, तो बराच इकडेतिकडे होतो. तसा तो होतो हेही मुलांना दिसलेले चांगलेच.

आता पुन्हा हिशेबनिसाकडे येऊ, कारण त्याची खरी अडचण पुढेच आहे. टेलिफोन केंद्र नेहमी पहिली लाईन आधी देते, ती गुंतली असेल तर दुसरी, असे धरा. मग वरच्या गणितावरून प्रत्येक लाईनने तासाभरात किती काम केले ते निघते. पहिली लाईन ३० मिनिटे चालते, दुसरी १८ मिनिटे, तिसरी सव्वाआठ मिनिटे आणि चौथी तीन मिनिटांहूनही कमी. गर्दीच्या तासातसुद्धा! महिन्याचे बिल आणि वापराचा तक्ता समोर घेऊन बसलेला कोणताही अधिकारी चौथ्या लाईनवर काट मारणार. सत्तावन्न मिनिटे झोपा काढणाऱ्या लाईनीचे भाडे का भरायचे? आणि ती काढली की नकाराचे प्रमाण पासष्टात एकवरून सोळात एकवर, म्हणजे चौपट होते. त्या चौथ्या लाईनीवरची पावणेतीन मिनिटे म्हणजे तासातून साधारण एक कॉल असतो आणि तो नेमका तेव्हाचा असतो जेव्हा बाकी सगळ्या लाईन गुंतलेल्या असतात. घराला आग लागली तेव्हाच वापरात येणाऱ्या बादलीचा वर्षातला सरासरी वापर काढून ती मोडीत घालण्यासारखे हे झाले.

हे केवळ कागदावर होत नाही. काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेच्या दूरवरच्या केंद्रात आमचे काम चाले. तिथून मुख्य संस्थेकडे दोन लाईन होत्या. वापराचा तक्ता पाहून वरिष्ठ कार्यालयाने त्यांतली एक काढून घेतली. सकाळी अकराच्या सुमाराला नोंदी कळवायची वेळ आणि साहित्याची मागणी सांगायची वेळ एकच येई. लाईन लागली नाही की पुन्हा फिरवायची, पुन्हा फिरवायची. एर्लांग यांच्या सूत्रात नकार मिळालेला माणूस गप्प घरी जातो असे धरलेले आहे. प्रत्यक्षात तो गप्प जात नाही, त्यामुळे अपुऱ्या लाईनींवरचा भार आणखी वाढतो आणि परिस्थिती सूत्राने सांगितल्याहून वाईट होते. तक्त्यात मात्र उरलेली एक लाईन आता 'उत्तम वापरात' दिसू लागली होती.

एर्लांग यांच्या गणितातून निघणारी दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. वर पाहिलेल्यासारख्या दहा शाखा आहेत. प्रत्येकीला चार लाईन दिल्या तर एकूण चाळीस. आता कल्पना करा की या दहाही शाखांचे बोलणे एकाच जुडग्यातून नेता येते. भार दहापट झाला. मग लाईन किती लागतील? चाळीस नव्हे. सतरा लाईनींतच नकाराचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे पासष्टात एकपेक्षाही कमी. भार शंभरपट केला तर १२० लाईनसुद्धा पुरून उरतात. जुडगा जितका मोठा तितकी प्रत्येक लाईन अधिक राबते, कारण एकाची गर्दी आणि दुसऱ्याची उसंत एकमेकींना सांभाळून घेतात. चारच्या जुडग्यातली लाईन गर्दीच्या तासात सरासरी पंधरा मिनिटे चालते, सतराच्या जुडग्यातली पस्तीस मिनिटे.

याचा उलटा अर्थ असा की लहान शाखेला मोठ्या शहराइतकीच चांगली सेवा द्यायची असेल तर तिच्या लाईन जास्त वेळ रिकाम्या राहणारच. त्यात शाखेचा आळस नाही की उधळेपणा नाही. लहान असण्याची ती किंमत आहे. ती कोणी भरायची, हा प्रश्न गणिताचा नाही, पण ती कोणीतरी भरल्यावाचून गत्यंतर नाही हे गणित सांगते.

आपल्या देशात हा प्रश्न कचेऱ्यांपुरता कधीच नव्हता. आमच्या वडीलधाऱ्यांनी ट्रंक कॉलचा काळ पाहिला. तालुक्याच्या गावाहून मुंबईला बोलायचे तर कॉल नोंदवून तासन् तास थांबायचे. 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लायटनिंग' असे चढत्या दराचे तीन प्रकार होते. लाईन थोड्या आणि माणसे फार, तेव्हा रांग लावणे आणि रांगेत पुढे जायला जास्त पैसे घेणे, हा त्यावरचा उपाय. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली. रांगेतली माणसे त्यामुळे दिसेनाशी झाली. लाईन अपुऱ्या असतील तिथे आता ती 'एंगेज' टोन ऐकत बसली एवढाच फरक.

पुढचा टप्पा १९८४ चा. त्या वर्षी सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिथल्या तरुण अभियंत्यांनी भारतीय परिस्थितीसाठी इलेक्ट्रॉनिक केंद्रे बनवायला घेतली. त्यांच्या पहिल्या उत्पादनांत १२८ लाईनींचे कचेरीसाठीचे पीबीएक्स होते आणि १२८ लाईनींचेच ग्रामीण स्वयंचलित केंद्र होते. कचेरीची आतली यंत्रणा आणि खेड्याचे टेलिफोन केंद्र ही मुळात भावंडेच, हे त्यातून स्वच्छ दिसते. दोघांनाही आतले बोलणे आत जुळवायचे असते आणि बाहेरच्यासाठी मोजक्या लाईन सांभाळायच्या असतात. असे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय उष्म्यात आणि धुळीत ते चालावे अशी त्याची रचना होती. शिवाय पाश्चात्त्य यंत्रणा घरटी एक फोन आणि त्यावर थोडे बोलणे असे धरून आखलेल्या असत. आपल्याकडे फोन थोडे आणि एकेका फोनवर बोलणारे फार. आमच्या पिढीने पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरची रात्रीची गर्दी पाहिलेली आहे. त्या एका लाईनीवर पडणारा भार आणि एखाद्या बंगल्यातल्या लाईनीवरचा भार यांची तुलनाच होऊ शकत नाही.

एवढे करूनही खेड्याचा लहान जुडगा लहानच राहतो. त्यावर तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा मोठा हुशारीचा आहे. शाखेला थेट लाईन दोनच द्यायच्या, त्या भरपूर राबतील. आपल्या उदाहरणात पाचातल्या चार कॉलांचे काम त्यांच्यावर भागते. पाचवा कॉल आला आणि दोन्ही गुंतलेल्या असल्या की त्याला नकार न देता सार्वजनिक जाळ्याच्या मोठ्या जुडग्याकडे वळवायचे. तिथे हजारो लोकांची गर्दी आणि उसंत आधीच एकमेकांत मिसळलेली असते. मात्र असे वळवलेले कॉल सुट्टे सुट्टे येत नाहीत, घोळक्याने येतात, त्यामुळे प्वासाँचा साधा नियम त्यांना लागू पडत नाही. त्याचे गणित अमेरिकेत विल्किन्सन यांनी १९५६ मध्ये बसवले. भारतात खाजगी भाड्याच्या लाईनवरून आलेला कॉल पुढे सार्वजनिक जाळ्यात सोडायला बराच काळ सरकारी नियमांची आडकाठी होती, हेही सांगितले पाहिजे. सरकारचे उत्पन्न बुडू नये म्हणून ते नियम होते. त्याचा भुर्दंड किती लहान शाखांनी सोसला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तांब्याचा प्रश्न दरम्यान दुसऱ्याच वाटेने सुटत गेला. अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात यायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६२ मध्ये अमेरिकेत तारांच्या दोन जोड्यांवरून चोवीस संभाषणे नेणारी पद्धत सुरू झाली. युरोपात आणि आपल्याकडे रूढ झालेल्या पद्धतीत एका जोडणीतून तीस संभाषणे जातात. न्यूयॉर्क-शिकागोच्या साडेतीनशे टनांना एक संभाषण, हे इथे आठवावे. तीसचा जुडगा आपल्या चारच्या मानाने बराच मोठा. शंभरात एक नकार चालणार असेल तर त्यातून गर्दीच्या तासात वीस तासांचे बोलणे, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे सुमारे चारशे कॉल पार पडतात.

सूत्राला मर्यादाही आहेत. माणसे एकमेकांना न विचारता फोन उचलतात, हे गृहीतक दहावीच्या निकालाच्या दिवशी किंवा पूर आला असता कोसळते. त्या दिवशी सगळ्यांना एकच कारण फोनकडे ढकलत असते. संगणकांमधली माहितीची ये-जाही प्वासाँच्या नियमाने चालत नाही. बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या जाळ्यावर १९८९ ते १९९२ या काळात केलेल्या अतिशय बारीक मोजण्यांतून हे उघड झाले. तिथे गर्दी सेकंदाच्या मापाने पाहा की तासाच्या, ती सारखीच खडबडीत दिसते. सरासरी घेतल्याने गुळगुळीत होत नाही. म्हणून इंटरनेटच्या तारा किती जाड असाव्यात हे एर्लांग यांच्या कोष्टकावरून ठरवता येत नाही.

माणसांचे बोलणे मात्र तसेच राहिले आहे. बोलण्याच्या भाराचे माप म्हणून 'एर्लांग' हे एकक १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले; एक लाईन तासभर सतत गुंतलेली असणे म्हणजे एक एर्लांग, आणि आपल्या उदाहरणातल्या शाखेचा भार बरोबर तेवढाच होता. हल्ली शाखा आणि मुख्यालय यांच्यातले बोलणे पुष्कळदा इंटरनेटच्या जोडणीवरून जाते, तारांच्या वेगळ्या जोड्या राहिलेल्या नाहीत. पण अशी सेवा विकत घ्यायला गेले की पुरवठादार पहिला प्रश्न विचारतो तो, एकाच वेळी जास्तीत जास्त किती संभाषणे हवीत, हाच. शाखेचा गर्दीचा तास मोजायचा, वीस कॉल गुणिले तीन मिनिटे भागिले साठ, आणि कोष्टकात एक एर्लांगच्या ओळीत पाहायचे: शंभरात दोनपेक्षा कमी नकार हवे असतील तर चार.